मोटर गेली, असं म्हणण्याआधी

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेबद्दल शाळेत असताना एखादं वाक्य वाचलेलं असतं आणि पुढे आपण ते विसरूनही जातो. ही वेधशाळा मुळात मुंबईत, कुलाब्याला होती. १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात. विसावं शतक उजाडलं आणि मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं घाटू लागलं. ट्रामच्या मोटरला दिलेला प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत फिरतो. त्याने वेधशाळेतले नाजूक चुंबक विचलित होणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम खाडीपलीकडे अलिबागला न्यायचं ठरलं. १९०४ साली अलिबागला वेध सुरू झाले आणि जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. म्हणजे मोटर यायच्या आधीच तिच्यापासून लांब, शांत जागा म्हणून अलिबागची निवड झाली होती.

मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं ते माझ्या धंद्यामुळे. गेली तीस वर्षं अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या पट्ट्यात मी मोटरा दुरुस्त करतो. सुरुवात विहिरीवरच्या पंपांपासून झाली, आता निम्मं काम वॉशिंग मशीनचं असतं. त्यातही समोरून दार असलेल्या, म्हणजे फ्रंट लोडिंग मशीनचं. ज्या ट्रामच्या मोटरपासून वेधशाळेने पळ काढला, तिचीच नात आज नागाव-चौलच्या घरांत मागच्या पडवीत बसून कपडे धुते आहे, असं मी गमतीने म्हणतो. पण ते अगदीच खोटं नाही, आणि का ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

तारेतून वीज सोडली आणि ती तार चुंबकाजवळ धरली की तारेला एका बाजूला रेटा बसतो. मायकेल फॅरडेने १८२१ साली हे करून दाखवलं. पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती गोल फिरली. पण तारेचं वेटोळं सतत फिरत ठेवायचं तर दर अर्ध्या फेऱ्याला प्रवाहाची दिशा उलटी करावी लागते, नाहीतर वेटोळं मध्येच अडून बसतं. हे काम करणारा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल डबा म्हणजे कॉम्युटेटर. त्यावर घासत राहून वीज आत पोचवणारा तो ब्रश. सुरुवातीला हे ब्रश खरोखरच तांब्याच्या तारांचे झुबके असत, म्हणून ते नाव पडलं. तांब्यावर तांबं घासून ठिणग्या उडत आणि कॉम्युटेटर खाऊन जाई. १८८० च्या दशकात त्या जागी कार्बनचे तुकडे आले. कार्बन मऊ असतो, स्वतः झिजतो आणि कॉम्युटेटरला वाचवतो. नाव मात्र ब्रशच राहिलं. आमच्या बाजारात कुणी ब्रश म्हणत नाही, ‘कार्बन द्या’ म्हणतात.

ट्रामची मोटर अशी कार्बनवाली होती. त्याच सुमारास दुसरं घराणं जन्माला आलं. १८८८ साली इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी, एकमेकांवर न विसंबता, फिरत्या चुंबकीय क्षेत्राची मोटर जगासमोर मांडली. तिला ना कार्बन, ना कॉम्युटेटर. फिरणाऱ्या भागाला वीज पोचवावीच लागत नाही, ती तिथे आपोआप उपजते. हीच आपली इंडक्शन मोटर. तिला झिजायला बेअरिंगखेरीज काही नाही. पण घरच्या सिंगल फेजवर ती स्वतःहून सुरू होत नाही, नुसती गुणगुणते. तिला पहिला धक्का द्यायला कंडेन्सर लागतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वीज आपल्याकडे उशिरा आली असं सगळे म्हणतात, पण ती तयार व्हायला लागली ती इथेच. १९१५ साली खोपोली, १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा, ही टाटांची तिन्ही जलविद्युत केंद्रं आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशीच्या धरणात घाटावरची गावं बुडाली आणि त्यासाठी सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ती वीज मात्र तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांकडे निघून गेली. किनाऱ्यावरच्या अष्टागरात पुढची कितीतरी वर्षं नारळी-पोफळीच्या वाड्यांना पाणी बैलाच्या रहाटाने मिळत होतं. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं, तारा हळूहळू गावोगाव पोचल्या आणि रहाटाच्या जागी पंप बसले. आमच्याकडच्या बहुतेक घरांनी पाहिलेली पहिली मोठी मोटर ती. रहाटाची करकर थांबली आणि रेवदंड्यापासून थळपर्यंत रिवाइंडिंगची दुकानं उभी राहिली.

मी तिथेच शिकलो. आमचे वस्ताद मोटर खोलायच्या आधी अर्धा तास फक्त प्रश्न विचारायचे. कधी बंद पडली? आवाज करून की गप्प? शेजारचा पंप चालू होता का? दिवे मंद होते का? आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. पण त्यामागे गणित होतं. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० चे १८४ व्होल्ट झाले, म्हणजे व्होल्टेज फक्त पाचव्या हिश्शाने उतरलं, तर जोर शंभरावरून चौसष्टावर येतो. विहिरीचा पंप मग उचलत नाही, जागच्या जागी गुरगुरतो, भरमसाट प्रवाह ओढतो आणि वाइंडिंग जळतं. दोष मोटरचा नसतो. नवी मोटर बसवली तरी तीही जळते. ‘मोटर मरते कुठे ते बघू नका, मारतंय कोण ते बघा,’ असं वस्ताद म्हणत.

कपडे धुण्याच्या यंत्राला मोटर जोडली गेली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, अमेरिकेत. त्या जुन्या यंत्रांची मोटर उघडीच खाली लावलेली असे आणि टपकणारं पाणी तिच्यात जाऊन ती बिघडे. पाणी आणि वीज एका पेटीत नांदवायचं कसं, हा प्रश्न तेव्हापासूनचा. १९३७ साली बेंडिक्स कंपनीने समोरून दार असलेलं, स्वतः धुणारं आणि पिळणारं घरगुती यंत्र दाखवलं. ते इतकं हादरायचं, की जमिनीला बोल्टने आवळून ठेवावं लागे. आपल्याकडे १९९० च्या सुमारास वॉशिंग मशीन मध्यमवर्गाच्या घरात शिरली. औरंगाबादची व्हिडिओकॉन आणि गोव्यात कारखाना काढणारी आयएफबी ही नावं त्या काळातली. किनाऱ्यावर तिची खरी गरज धुण्यापेक्षा पिळण्याला होती. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर कपडा वाळत नाही, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. विहिरीवर दगडावर आपटून धुतलेली चादर चार दिवस ओटीवर कुबट वास मारत लटकते. मिनिटाला हजार फेरे घेऊन पाणी झटकणारं यंत्र आलं आणि ते चार दिवस एकावर आले.

फ्रंट लोडिंगच्या ड्रमला दोन टोकांची कामं करावी लागतात. धुताना मिनिटाला पन्नासेक फेरे, तेही मध्येच थांबून उलटे. पिळताना हजारावर. साध्या इंडक्शन मोटरला एवढा पल्ला झेपत नाही. म्हणून या यंत्रांत अनेक वर्षं युनिव्हर्सल मोटर वापरली गेली. एसी आणि डीसी दोन्हींवर चालते म्हणून युनिव्हर्सल. आपल्या मिक्सरमध्ये असते तीच जात, आणि रचना ट्रामच्या मोटरसारखी, म्हणजे कार्बन आणि कॉम्युटेटर असलेली. छोट्या पुलीवरून पट्ट्याने ड्रमची मोठी पुली फिरवायची, त्यामुळे पिळताना मोटर स्वतः दहा हजारांच्या वर फेरे घेते. तिच्या शेवटाला एक लहानसं चुंबक आणि कॉइल असते, तिला टॅको म्हणतात. वेग किती आहे ते ती बोर्डाला कळवते आणि बोर्ड त्याप्रमाणे वीज कमी-जास्त सोडतो.

नागावच्या एका काकूंचा दर दोन-चार महिन्यांनी फोन येतो. ‘अरे, मोटर गेली बघ माझ्या मशीनची!’ मी म्हणतो, ‘काकू, आधी प्लग काढा आणि ड्रम हाताने फिरवून बघा.’ त्यांच्याकडे पाहुण्यांना राहायला देण्याच्या चार खोल्या आहेत. रविवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याची मंडळी परततात आणि सोमवारी सगळ्या चादरी-टॉवेल मशीनमध्ये. त्यांच्यासोबत जाते समुद्राची वाळू. ती पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या जाळीत बसते. पाणी निघालं नाही तर बोर्ड पिळायची परवानगीच देत नाही आणि ड्रम उभा राहतो. मोटर बिचारी धडधाकट असते. खालचं झाकण उघडून जाळी धुतली की काम झालं.

अनुभवावरून सांगतो, ‘मोटर गेली’ म्हणून आलेल्या बोलावण्यांपैकी मोटर खरोखर गेलेली फार थोड्या वेळा असते. तपासायचा क्रम ठरलेला आहे. दाराचं कुलूप ‘टक्’ करून लागलं का? ते लागल्याशिवाय मोटरला वीज मिळत नाही. पाणी आत आलं आणि बाहेर गेलं का? मग प्लग काढून ड्रम फिरवायचा. अगदी हलका, सुटा फिरला तर पट्टा निसटलाय. घरघरत, जड फिरला तर बेअरिंग. बेअरिंगपाशी पाणी अडवणारं सील झिजलं की साबणाचं पाणी आत शिरतं आणि गंज चढतो. ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा ॲल्युमिनिअमचा आधार असतो. स्टीलचा ड्रम, ॲल्युमिनिअमचा आधार आणि मध्ये साबणाचं किंवा विहिरीचं मचूळ पाणी, अशी गाठ पडली की ॲल्युमिनिअम भुसभुशीत होत जातं. पिळताना मशीन नाचायला लागली ती बऱ्याचदा यामुळे, आणि दोष पुन्हा मोटरवर येतो.

ड्रम ठीक असेल तर मग मोटरकडे जायचं. मोटर गप्प आहे, मधूनच झटका देते, जळका वास किंवा ठिणग्या दिसतात, तर पहिला संशय कार्बनवर. कार्बन झिजून आखूड झाला की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. बदलताना दोन्ही एकदम बदलायचे आणि कॉम्युटेटर काळा पडला असेल तर हलक्या हाताने साफ करायचा. चौलच्या एका घरात नवी मोटर घ्यायचा सल्ला आधीच मिळालेला होता, मशीनच्या किमतीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाचा खर्च होता. तिथे निव्वळ कार्बनची जोडी बदलून ती मोटर पुढे पाच वर्षं चालली. ड्रम एकदम वेड्यासारखा पळत असेल, किंवा दोन-तीनदा थोडा हलून थांबत असेल, तर टॅको बघायची. चुंबक सैल झालेलं असतं किंवा तिची बारीक तार तुटलेली असते. सतत पूर्ण वेगाने पळत असेल तर बोर्डावरचा ट्रायॅक गेलेला असू शकतो. हे सगळं झाल्यावर मीटर लावून वाइंडिंग मोजायचं आणि शेवटी मेगरने बघायचं, की वाइंडिंगमधून पत्र्याला वीज उतरत नाही ना.

पत्र्याला वीज उतरण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण इथे जिवाशी गाठ आहे. किनाऱ्यावर वाळूची जमीन. एप्रिल-मेमध्ये ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, ओल धरावी म्हणून. तेच मीठ आणि समुद्राची हवा मिळून आतली पट्टी आणि तार काही वर्षांत खाऊन टाकतात. वर प्लगची तिसरी पिन दिसते, खाली काहीच जोडलेलं नसतं. ओल्या फरशीवर उभं राहून मशीनला हात लावल्यावर ‘जरा मुंग्या येतात’ असं कुणी म्हणालं, की मी मशीन बघायच्या आधी अर्थिंग बघतो. उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, दोन-तीन वर्षांनी तो तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच बसवा. त्याचा खर्च मोटरहून कमी आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. हजारो विजेचे खांब आडवे झाले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. कौलं-पत्रे उडालेल्या घरांत मशीन पावसात भिजल्या. लोक त्या उन्हात वाळवून चालू करत आणि वाइंडिंग जळे. समुद्राचे तुषार बसलेली मोटर नुसती वाळवून चालत नाही. मीठ आतच राहतं आणि हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. आधी गोड्या पाण्याने धुवायची, मग दिवसचे दिवस सुकवायची, मेगर लावायचा आणि मगच वीज द्यायची. ज्यांच्या मशीन भिजल्या नव्हत्या, त्यांच्या पुढे दुसरंच संकट आलं. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल कुठे सैल राहिला तर एखाद्या घरात २३० ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत वीज शिरते. त्या दिवसांत मी कितीतरी बोर्ड उघडले. बऱ्याच बोर्डांत वीज आत शिरते तिथे असलेली चकती, व्हॅरिस्टर, स्वतः फुटून बाकीच्यांना वाचवून गेली होती. ती आणि फ्यूज बदलला की मशीन चालू. खर्च चहा-फराळाएवढा. पण ज्यांना कुणी सांगायला नव्हतं त्यांनी मशीन भंगारात दिल्या. छपराला पैसे नव्हते त्या वर्षी नवी मशीन कुठून आणणार? त्या घरांतल्या बायका पुन्हा विहिरीवरच्या दगडाकडे गेल्या.

आता तिसरं घराणं आलं आहे. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीने १९९१ साली पट्टाच काढून टाकला आणि कार्बन नसलेली चपटी मोटर थेट ड्रमच्या दांड्यावर बसवली. पुढे इतरांनीही ती वाट धरली. आज दुकानात इन्व्हर्टर म्हणून विकली जाते ती बहुधा अशी कार्बनविरहित मोटर. आवाज कमी, वीज कमी, झीज नाही. मी तिला नावं ठेवणार नाही. पण पूर्वी कॉम्युटेटर करायचा ते काम आता बोर्ड करतो, म्हणजे झीज गेली तरी दोष गेला नाही, त्याने जागा बदलली. मोटर दहा वर्षं टिकते, पण बोर्डाला खारी हवा, पाल, मुंग्या आणि वीज गेल्या-आल्याचे धक्के सोसावे लागतात. कित्येक बोर्ड लाखेसारख्या थरात बुडवलेले असतात. तो थर खाऱ्या हवेपासून वाचवतो आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही बाहेर ठेवतो. काही यंत्रांत ड्रमची टाकी जोडून बंद केलेली असते, बेअरिंग बदलायचं तर अख्खी टाकी घ्या. या यंत्रांजवळ जाताना एक सांगणं: प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज काही काळ टिकून राहते. घरच्या घरी झाकण उघडू नका.

यावर जगात विचार सुरू झाला आहे. युरोपात १ मार्च २०२१ पासून नियम आहे, की वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षं मिळाले पाहिजेत. त्या यादीत मोटर आणि मोटरचे कार्बन नाव घेऊन लिहिलेले आहेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. घरगुती टिकाऊ वस्तू त्यात येतात. पण अलिबागच्या दुकानात बोर्ड मागितला आणि ‘मॉडेल बंद झालं’ असं उत्तर आलं, तर काकूंना पोर्टलचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. म्हणून मशीन घेतानाच विचारा, या मॉडेलचा बोर्ड किती वर्षं मिळेल, टाकी उघडते का, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

आणि मशीन बंद पडली तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा. कधी थांबली, काय आवाज आला, पाणी आत होतं की नाही, आणि त्या वेळी घरातले दिवे कसे होते. वस्ताद अर्धा तास हेच विचारायचे. ज्याला हे ऐकून घ्यायचंच नाही आणि दारातूनच ‘मोटर गेली’ म्हणतो, त्याच्या हातात पाना देऊ नका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)